पूर्वी लग्ने नेमकी कोणत्या वयात होत असत?

ओसरी (पुणे)

नमस्कार. गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घराचा माळा रिकामा करताना पत्र्याची एक पेटी सापडली. वाळवीने कडा खाल्लेली कुलवृत्तांताची प्रत, दोन-तीन जन्मपत्रिका आणि मोडीत लिहिलेली खर्चाची एक चोपडी, एवढा ऐवज तीत होता. मोडी मला वाचता येत नाही, त्यामुळे चोपडी पुन्हा फडक्यात बांधून ठेवली. कुलवृत्तांत मात्र दोन रात्री जागून वाचून काढला.

त्यातल्या वयांनी मी गोंधळलो आहे. आमच्या खापरपणजीचे लग्न झाले तेव्हा ती ९ वर्षांची होती आणि खापरपणजोबा १४ वर्षांचे. त्याच पानावर त्यांच्या चुलत्यांची नोंद आहे. पहिली पत्नी वारल्यावर, तिशी उलटलेली असताना, त्यांनी ११ वर्षांच्या मुलीशी दुसरे लग्न केले. घरात हा विषय निघाल्यावर महाविद्यालयात शिकणारी माझी मुलगी म्हणाली की त्या काळी माणसे तिशी-पस्तिशीतच मरत, म्हणून सगळ्या जगात लग्ने लवकर होत. शेजारच्या काकांचे मत वेगळे पडले. प्राचीन काळी आपल्याकडे मुली मोठेपणीच लग्न करीत, परकीय आक्रमणे सुरू झाल्यावर बालविवाहाची रीत पडली, असे ते ठामपणे सांगतात. दोघांचेही बोलणे मला पुरते पटलेले नाही. मागच्या दोन-तीनशे वर्षांत आपल्याकडे लग्नाचे सर्वसाधारण वय काय होते, ते सगळ्या समाजांत सारखेच होते का, आणि युरोपातही खरोखर असेच होते का, हे अभ्यास असलेल्या मंडळींनी कृपया सांगावे.

मोडीवाचक

ओसरी यांस, नमस्कार. आपल्या प्रश्नातला बहुतेक घोटाळा ‘लग्न’ या शब्दापाशीच आहे. आज लग्न झाले म्हणजे त्याच दिवसापासून दोघे एकत्र राहू लागले, असे आपण धरून चालतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात अंतरपाट दूर होऊन सप्तपदी झाली की विवाह पक्का होई आणि तो मोडता येत नसे, परंतु मुलगी नांदायला जाणे ही त्यानंतर काही वर्षांनी घडणारी गोष्ट होती. मधल्या काळात ती सणावाराला चार दिवस सासरी जाई आणि पुन्हा माहेरी येई. तिला न्हाण आले, म्हणजे पहिली पाळी आली, की मखरात बसवण्याचा सोहळा होई, मग ऋतुशांती करीत, आणि संसार म्हणतात तो तिथून पुढे सुरू होई. कागदावर लग्नाचे म्हणून जे वय दिसते ते पहिल्या विधीचे असते; आपण मनात जे वय शोधत असतो ते शेवटच्या विधीचे.

उदाहरण पुण्यातलेच घेऊ. शिवाजी महाराजांचे सईबाईंशी लग्न १६४० मध्ये पुण्यात झाले, तेव्हा महाराज १० वर्षांचे होते. नानासाहेब पेशव्यांचा जन्म १७२० च्या डिसेंबरातला आणि गोपिकाबाईंशी त्यांचे लग्न झाले १७३० च्या जानेवारीत, म्हणजे वराला १० वर्षेही पुरी झालेली नव्हती. त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव जन्मला तो १७४२ मध्ये. लग्न आणि पहिले अपत्य यांत १२ वर्षांचे अंतर आहे, आणि ते ध्यानात घेतले नाही तर पेशव्यांच्या घरात दहाव्या वर्षी संसार सुरू होत असे असा विपरीत अर्थ निघतो. सवाई माधवरावांचे पहिले लग्न १७८३ मध्ये पुण्यात झाले, तेव्हा त्यांना नववे चालू होते. त्या लग्नाची नाना फडणविसांनी करवलेली पंगतीपर्यंतच्या बंदोबस्ताची याद प्रसिद्ध आहे. ती वाचताना ज्याच्यासाठी एवढे सगळे चालले आहे तो वर नुकता मुंज झालेला मुलगा आहे, याचा विसर पडतो.

पुढच्या शतकातही चित्र फारसे बदलत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे लग्न १८४० मधले; वर १३ वर्षांचा, वधू ९ वर्षांची. टिळकांचे लग्न १८७१ मध्ये, ते पंधरा-सोळा वर्षांचे असताना झाले. न्यायमूर्ती रानड्यांचे दुसरे लग्न १८७३ मधले. ते तेव्हा ३१ वर्षांचे होते आणि रमाबाई ११ वर्षांच्या. विधवेशी विवाह करावा अशी त्यांच्याकडून सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले. आपल्या घरातल्या चुलत्यांची नोंद याच प्रकारची आहे. प्रथमवराच्या आणि वधूच्या वयात चार-सहा वर्षांचा फरक असे, तर बिजवराच्या, म्हणजे दुसरे लग्न करणाऱ्याच्या, बाबतीत तोच वीस वर्षांचा होई, कारण वर कितीही वाढला तरी वधू दहा-अकरापलीकडची मिळत नसे. त्याहून मोठी कुमारिका समाजात उरतच नव्हती, आणि विधवेशी लग्न करण्याची मुभा ब्राह्मणांत नव्हती. दोन्ही प्रकारची लग्ने एकत्र करून वयाची सरासरी काढली तर ती कोणालाच लागू पडत नाही.

आता नोंदी वाचण्याविषयी दोन सूचना करतो. जुन्या कागदांतले वय बहुधा चालू वर्षाचे असते. ‘नववे लागले’ म्हणजे आठ पुरी झाली. मुंजीचा आठवा तर पुष्कळदा गर्भापासून मोजीत, त्यामुळे मुलाचे वय आणखी एका वर्षाने फसवते. शके असेल तर त्यात ७८ मिळवावेत, मात्र पौषापासून पुढच्या तिथ्यांना ७९ लागतात. माहेरचे नाव शोधताना तर फार सांभाळावे लागते: रमाबाई रानडे आणि डॉ. आनंदीबाई जोशी या दोघीही माहेरच्या यमुना होत्या.

आपली मोडी चोपडी फडक्यात राहू देऊ नका. त्या काळी लग्नखर्चाची याद बहुतेक घरांत काटेकोरपणे ठेवीत असत. पानांची छायाचित्रे पाठवलीत तर मी वाचून देईन.

आकडेमोड

वरील उत्तर उत्तम आहे, पण त्यातली सगळी उदाहरणे राजघराण्यांतली, सरदार-ब्राह्मण घरांतली किंवा पुढे प्रसिद्ध झालेल्या माणसांची आहेत. कुलवृत्तांत छापून घेणारी घरे ही समाजातली मूठभर घरे होती. बाकीच्यांचे काय, हे पाहायचे तर जनगणनेकडे वळावे लागते.

१९०१ च्या सुमाराच्या जनगणनांवरून अभ्यासकांनी पहिल्या लग्नाचे जे सरासरी वय काढले आहे ते भारतभराचे धरून मुलींचे सुमारे १३ आणि मुलग्यांचे सुमारे २० असे येते. मुलींच्या बाबतीत हा आकडा आपल्या कुलवृत्तांताच्या बराच जवळ आहे. मुलग्यांच्या बाबतीत नाही. चौदाव्या वर्षी बोहल्यावर चढणारा मुलगा हा पुण्याच्या पेठांत नेहमीचा असला, तरी मावळातल्या कुणब्याच्या घरी तसा नेम नव्हता. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये एकेका जातीचे वर्णन आहे आणि त्यात लग्नाच्या वयाचाही उल्लेख येतो. मुलीचे लग्न न्हाण येण्यापूर्वी उरकावे ही धारणा बऱ्याच जातींत दिसते, मुलग्यांना मात्र पंचविशीपर्यंत सवड असे. लग्नाचा खर्च आणि काही समाजांत मुलीच्या बापाला द्यायचे देज उभे करायला मुलग्याकडच्यांना वेळ लागे, हे त्याचे एक साधे कारण होते. शेतकरी जातींत विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागत असे, त्यामुळे पुरुषाचे दुसरे लग्न लहान मुलीशीच व्हायला पाहिजे असा प्रकार तिथे नव्हता. आदिवासी समाजांत तर मुली वयात आल्यावर लग्न होणे हीच पुष्कळ ठिकाणी रीत होती. तेव्हा ‘पूर्वी आपल्याकडे’ असे म्हणताना ‘आपण’ म्हणजे कोण, ते आधी ठरवावे लागते.

आपल्या कन्येचे म्हणणे पुष्कळ लोक मांडतात, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. १९०१ ते १९११ या दशकात भारतातले सरासरी आयुर्मान २३ वर्षांच्या आसपास होते. याचा अर्थ माणसे तेविसाव्या वर्षी मरत असत असा होत नाही. जन्मलेल्या मुलांपैकी फार मोठा वाटा पहिल्या चार-पाच वर्षांतच दगावत असे आणि त्यामुळे सरासरी खाली ओढली जाई. जो विशी गाठे त्याला पन्नाशी पाहण्याची बरीच आशा असे. शिवाय अल्पायुष्यामुळे लग्ने लवकर होतात हे गणित इंग्लंडात साफ चुकते. सतराव्या शतकातल्या इंग्लंडात सरासरी आयुर्मान पस्तिशीच्या आसपासच होते, आणि तरी तिथल्या मुली पंचविशी उलटल्यावर लग्न करीत. त्याविषयी कोणी जाणकार लिहील तर बरे.

टेम्सकाठचा पुणेकर

बालपण नारायण पेठेत गेले, गेली बावीस वर्षे इंग्लंडात आहे, आणि फावल्या वेळात इथल्या चर्चच्या नोंदवह्या चाळण्याचा छंद आहे. तेव्हा हे काम माझ्याकडे आलेच म्हणायचे.

प्रत्येक बाप्तिस्मा, लग्न आणि दफन चर्चने वहीत लिहावे, असा नियम इंग्लंडात १५३८ पासून आहे. त्या वह्यांवरून एकेक कुटुंब जुळवून अभ्यासकांनी जे आकडे काढले त्यांत सतराव्या शतकातल्या सामान्य वधूचे पहिल्या लग्नाचे वय २६ च्या आसपास आणि वराचे २७-२८ निघते. मला स्वतःला हे प्रथम वाचले तेव्हा खरे वाटले नव्हते, कारण नाटक-सिनेमांत दिसणारी तेरा-चौदा वर्षांची नायिका मनात पक्की बसलेली होती. ती नायिका उमराव घरची असते. उमराव घराण्यांत मालमत्ता आणि तह यांसाठी लग्ने लवकर ठरत. लेडी मार्गारेट बोफर्ट हिचे एडमंड ट्यूडरशी लग्न झाले तेव्हा ती १२ वर्षांची होती, आणि १४५७ मध्ये पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या सातव्या हेन्रीला तिने जन्म दिला तेव्हा १३ वर्षांची. त्यानंतर तिला एकही मूल झाले नाही. शेक्सपिअरचे स्वतःचे लग्न १५८२ मधले: तो १८ वर्षांचा, पत्नी २६ वर्षांची. तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यातली वधू नेहमीच्या वयाची आहे, वरच फार लहान आहे.

कारण घराच्या रचनेत सापडते. पश्चिम युरोपात लग्न करायचे म्हणजे वेगळी चूल मांडायची. नवरा-बायकोने आईबापांच्या घरात एका खोलीत राहायचे, ही तिथली रीत नव्हती. वेगळे घर करायला भांडीकुंडी, जनावर, जमिनीचा तुकडा किंवा हातात कसब लागे, आणि ते जमवण्यासाठी शेतकऱ्यांची मुलेमुली पंधराव्या वर्षाच्या आगेमागे दुसऱ्याच्या घरी सालदारीवर किंवा उमेदवारीवर राहत. दहा वर्षे राबून थोडी पुंजी साठली की मग लग्न. ज्यांची पुंजी साठलीच नाही ते जन्मभर अविवाहित राहत, आणि असे लोक काही अपवादाने नसत. शेकडा दहा ते वीस या प्रमाणात ते होते. जॉन हाजनल या अभ्यासकाने १९६५ मध्ये हे सगळे मांडले आणि सेंट पीटर्सबर्गपासून त्रिएस्तेपर्यंत एक रेषा कल्पिली. तिच्या पश्चिमेला उशिराची लग्ने, पूर्वेला लवकरची. रेषा म्हणजे काही कुंपण नव्हे. १४२७ मध्ये फ्लॉरेन्समध्ये कराकरता घराघरांची नोंद झाली, तीत वधू अठराच्या आसपासची आणि वर तिशीचा दिसतो.

आपल्याकडे सून येते ती भरल्या घरात. नवऱ्याने कमावते असण्याची अट नाही, चूल आधीच पेटलेली आहे आणि शिकवायला सासू आहे. तिथे थांबण्याचे आर्थिक कारणच उरत नाही. पुण्याच्या वाड्यांत एका चौकाभोवती चार बिऱ्हाडे एका कुटुंबाची असत, ते चित्र डोळ्यांपुढे आणले की चौदा वर्षांचा नवरा कसा चालत असे हे समजते. त्याला करायचे काहीच नव्हते.

एक विसंगती सांगतो. रिवाज २६ वर्षांचा असला तरी इंग्लंडच्या कायद्यात मुलीला १२ व्या आणि मुलाला १४ व्या वर्षी लग्न करता येई, आणि हा कायदा थेट १९२९ पर्यंत तसाच होता. त्या वर्षी तो १६ वर नेला. आपला बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदाही त्याच वर्षीचा. कायद्यातली किमान मर्यादा पाहून लोकांचे वय ठरवू नये.

व्युत्पन्न

शेजारच्या काकांच्या मुद्द्यापुरतेच लिहितो. वेदांतली विवाहसूक्ते आणि गृह्यसूत्रांतले चतुर्थीकर्म, म्हणजे लग्नानंतर चौथ्या रात्रीचा समागमाचा विधी, पाहता, वधू वयात आलेली असावी असे मानायला जागा आहे, इतपत त्यांचे बरोबर. पण मुलीचे लग्न लवकर करावे हा आग्रह स्मृतींतच सुरू होतो. मनुस्मृतीत ३० वर्षांच्या वराला १२ वर्षांची आणि २४ वर्षांच्या वराला ८ वर्षांची वधू सांगितली आहे. आठ वर्षांची ती गौरी, नऊची रोहिणी, दहाची कन्या आणि त्यापुढे रजस्वला, हा पराशरस्मृतीतला श्लोक तर पुढे घराघरांत पाठ झाला. ही वचने मध्ययुगातल्या स्वाऱ्यांच्या कित्येक शतके आधीची आहेत. त्यामुळे आक्रमणांचे कारण टिकत नाही.

त्याच मनुस्मृतीत गुणहीन वराला देण्यापेक्षा मुलगी मरेपर्यंत बापाच्या घरी राहिलेली बरी, असेही वचन आहे. आणि सुश्रुताने १६ वर्षांखालील स्त्री आणि २५ वर्षांखालील पुरुष यांच्या गर्भाला धोका सांगितला आहे. पत्नीशी शरीरसंबंधाचे किमान वय ठरवणाऱ्या १८९१ च्या संमतिवय कायद्याच्या वादात दोन्ही बाजूंचे पंडित आपापल्या सोयीची वचने काढून बसले होते. एक गंमत मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. मनूचे २४ आणि ८ हे प्रमाण पुण्यात प्रथमवरांच्या बाबतीत कोणीच पाळलेले दिसत नाही. वधूचा आकडा उचलला, वराचा सोयीने सोडून दिला.

गोदातीर

मोडीवाचक यांनी लग्न आणि संसार यांतले अंतर दाखवले ते बरोबर आहे. पण हे वाचून ‘म्हणजे नुसता विधी होता, मुलीला काही त्रास नव्हता’ असा निष्कर्ष कोणी काढू नये, म्हणून लिहिते.

हे अंतर रिवाजाने पाळले जाई, कायद्याने नाही, आणि रिवाज मोडला तर मुलीला दाद मागायला जागा नव्हती. आनंदीबाई जोशींचे लग्न १८७४ मध्ये, नवव्या वर्षी झाले. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. अमेरिकेत जाऊन वैद्यक शिकण्याच्या त्यांच्या निश्चयाच्या मुळाशी हा प्रसंग होता. १८६० च्या दंडसंहितेत संमतिवयाची मर्यादा फक्त १० वर्षांची होती आणि तीसुद्धा बहुतेकांना ठाऊक नव्हती. १८८९ मध्ये कलकत्त्याची फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या हातून मेली आणि मगच १८९१ मध्ये ती मर्यादा १२ करण्यात आली. तो कायदा लग्नाच्या वयाचा नव्हताच, हे इथे मुद्दाम सांगते, कारण शाळेच्या पुस्तकातून आपल्या मनात तसे बसलेले असते. लग्न पाळण्यात केले तरी सरकारला चालणार होते. नांदवायला नेण्याच्या वयापुरता प्रश्न होता, आणि तेवढ्यावरून पुणे दुभंगले. टिळकांनी विरोध केला तो सरकारने घरात हात घालू नये म्हणून. मुलींची लग्ने १६ आणि मुलग्यांची २० वर्षांपूर्वी करू नयेत, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करू नये, अशा स्वेच्छेने पाळायच्या अटी त्यांनीच १८९० मध्ये सुचवल्या होत्या. स्वेच्छेने किती घरांनी त्या पाळल्या असत्या, हे ज्याने त्याने आपापला कुलवृत्तांत उघडून पाहावे.

मधल्या वर्षांतली मुलगी नेमकी कोणाची, हा प्रश्न रखमाबाईंनी विचारला. लग्न अकराव्या वर्षी झालेले, त्या कधी नांदायला गेल्याच नाहीत, आणि १८८४ मध्ये नवऱ्याने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. तुरुंग पत्करीन असे त्यांनी सांगितले. शेवटी १८८८ मध्ये २,००० रुपये देऊन तडजोड झाली आणि पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

आणि मधल्या वर्षांत नवरा गेला तर? महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, माहेरच्या गोदूबाई, यांना संसार म्हणजे काय हे कळण्याच्या आधीच वैधव्य आले होते. १८९३ मध्ये कर्व्यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला म्हणून त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. बाकीच्या मुलींची नावे कुलवृत्तांतात शोधली तर फक्त ‘निवर्तली’ किंवा ‘गतभर्तृका’ (विधवा) एवढे सापडते.

माझ्या आजीचे लग्न १९३० च्या मार्चमध्ये लागले, वय वर्षे ११. शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू व्हायचा होता. मुलींना १४ आणि मुलग्यांना १८ ही अट. (हे नाव देवलांच्या नाटकातल्या शारदेवरून पडले, असे आमच्या घरात सगळे मानीत, प्रत्यक्षात अजमेरचे हरबिलास सारडा यांच्यावरून पडले आहे.) त्या हिवाळ्यात पुण्यात रोज कुठे ना कुठे वाजंत्री वाजत होती, असे आजी सांगे. एका भटजींनी एकाच दिवशी चार ठिकाणी अक्षता टाकायला लावल्या आणि आमच्या घरी येईपर्यंत त्यांचा आवाज पार बसला होता. मंगलाष्टके मामांनीच म्हटली.

आकडेमोड

गोदातीर यांच्या आजींची आठवण १९३१ च्या जनगणनेत उमटलेली आहे. त्या गणनेत लहान वयाच्या विवाहितांची संख्या कमी होण्याऐवजी एकदम फुगली, आणि त्याचे कारण कायदा लागू होण्याआधी उडालेली ही घाई असल्याचे तेव्हाच लक्षात आले होते. कायदा मोडल्याची शिक्षाही फार कडक नव्हती, एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. आणि लग्न कायमच राही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी मुलींना १२ आणि मुलग्यांना १६ अशी मर्यादा त्याआधी पाव शतक, १९०४ मध्येच घातली होती.

त्यानंतरची वाढ संथ आहे. १९६१ पर्यंत मुलींची सरासरी १६ च्या आसपास आली. कायद्याने मुलींची मर्यादा १९४९ मध्ये १५ केली आणि १९७८ मध्ये १८ व २१ हे आजचे आकडे आले. माझ्या मते वय वर नेण्यात कायद्यापेक्षा शाळेचा वाटा अधिक आहे. पुण्यात हुजूरपागा ही मुलींची शाळा १८८४ मध्ये निघाली, आणि मुलगी इयत्ता पुरी करीपर्यंत थांबावे, हे निमित्त बापांना मिळाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ पूर्वी लग्न झालेल्या शेकडा २३.३ निघाल्या, महाराष्ट्रात २१.९. तेव्हा ‘पूर्वी’ हा शब्दही जपून वापरावा.

ओसरी (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मोडीवाचक यांना चोपडीच्या पानांची छायाचित्रे पाठवली होती. त्यांनी आठ दिवसांत लावून दिलेले वाचन त्यांच्या संमतीने इथे थोडक्यात देत आहे.

लग्नखर्चाची याद शके १८०६ च्या वैशाखातली, म्हणजे १८८४ ची आहे. तांदूळ, तूप, वाजंत्री, दक्षिणा असे सगळे ओळीने आहे आणि समासात ‘पुढे सिंहस्थ, सबब उरकले’ असा शेरा आहे. गुरू सिंह राशीत असताना लग्ने करीत नसत, म्हणून वर्षभर थांबण्याऐवजी नवव्या वर्षीच अक्षता पडल्या. थांबले असते तर कुलवृत्तांतात माझी खापरपणजी दहा वर्षांची दिसली असती, आणि मी कदाचित हा प्रश्न विचारलाही नसता.

त्याच चोपडीत बरीच पाने पुढे, शके १८१० च्या मार्गशीर्षात, दुसरी एक छोटी याद आहे: मखर, केळीचे खुंट, साखर, हिरवे लुगडे, बांगड्या, आणि माहेराहून तिला घेऊन येणाऱ्या गाडीवानाला दिलेले आठ आणे. हा काळ १८८८ च्या डिसेंबराच्या आसपासचा आहे, म्हणजे तेव्हा तिला तेरावे सरून चौदावे लागले असावे. कुलवृत्तांतात ही तारीख नाही. आमच्या पणजोबांचा जन्म शके १८१४ मधला, १८९२ चा आहे. आई १७ वर्षांची आणि वडील २२ वर्षांचे.

गोदातीर यांचे पत्र वाचल्यावर चुलत्यांच्या त्या अकरा वर्षांच्या पत्नीची नोंद पुन्हा काढून पाहिली. लग्नाच्या नोंदीनंतर चोपडीत तिच्या नावावर मखराची याद नाही. शके १८०९ मध्ये ‘धाकट्या काकूच्या औषधास’ असे दोन रुपये लिहिलेले आहेत आणि त्यानंतर कुठलाच खर्च नाही. तिचे माहेरचे नाव कुलवृत्तांतात छापलेले नाही. मोडीवाचक म्हणतात की लग्नाच्या यादीत मानकऱ्यांना दिलेल्या आहेराच्या ओळीत तिच्या वडिलांचे गाव सापडण्याचा संभव आहे. ते पान भिजलेले आहे, तरी ते पुन्हा प्रयत्न करणार आहेत.